वितळलेल्या बर्फाचे पैसे कोण देणार?

३ जून २०२०. ठाण्यातल्या आमच्या घरात सकाळपासून लगबग होती. काचांना चिकटपट्ट्या लावून झाल्या होत्या, बादल्या-पातेली पाण्याने भरली होती, गॅलरीतल्या कुंड्या आत आल्या होत्या. टीव्हीच्या पडद्यावर निसर्ग चक्रीवादळाचा बाण अरबी समुद्रातून मुंबईच्या दिशेने सरकत होता. दुपार झाली. पाऊस पडला, वारा सुटला, समोरच्या सोसायटीतला गुलमोहर आडवा झाला. बस्स. सहा वाजेपर्यंत सगळ्या ग्रुपवर विनोद सुरू झाले होते. वादळ ट्रॅफिकमध्ये अडकलं, वादळाला ई-पास मिळाला नाही, वगैरे. कुणीतरी लिहिलं, ‘उगाच घाबरवतात, एक दिवस फुकट गेला.’

माझं आजोळ श्रीवर्धन तालुक्यात आहे. तिथला फोन दुपारपासून लागत नव्हता. त्या रात्री लागला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आई फोन हातात धरून बसून होती. पाचव्या दिवशी मामाने कुणाच्या तरी मोबाइलवरून, टेकाडावर चढून फोन केला. पहिलं वाक्य होतं, “माणसं सगळी आहेत.” मग जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “वाडी गेली गं. एक पोफळ उभी नाही.” वाडी म्हणजे त्याची पोफळींची, सुपारीची बाग.

अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात निसर्ग किनाऱ्यावर चढलं होतं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. हवामान खात्याने काय सांगितलं होतं? हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या आसपास. म्हणजे अंदाज चुकला नव्हता. समुद्रात फिरणाऱ्या एवढ्या मोठ्या चक्राबद्दल आधी सांगून त्याने जवळजवळ बोट ठेवावं तिथेच येणं, हे विज्ञानाचं यश होतं. पण मुंबई-ठाण्याच्या लाखो लोकांच्या आठवणीत त्या दिवसाची नोंद ‘न आलेलं वादळ’ अशी आहे. ज्या इशाऱ्याने माझ्या मामाचा जीव वाचवला, तोच इशारा माझ्या शेजाऱ्यांच्या लेखी फुसका निघाला.

म्हणून मला ‘खोटा इशारा’ हा शब्दच खटकतो. पुष्कळदा तो आपल्यापुरता खोटा असतो आणि शंभर किलोमीटरवर कुणासाठी तरी पुरता खरा असतो. याहून जवळचं उदाहरण २६ जुलै २००५ चं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच मुंबईत, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला झाला ७३. कुलाब्याच्या माणसाने त्या दिवसाला साधा पावसाळी दिवस म्हटलं असतं तर तो खोटं बोलत नव्हता.

आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट लगेच पुढे येते. वारंवार इशारे दिले, काही झालं नाही, म्हणून लोक आता ऐकत नाहीत, असं अधिकारी म्हणतात, आपणही म्हणतो. पण त्या गोष्टीतला पोरगा गंमत म्हणून खोटं बोलत होता. हवामान खात्यातला माणूस उपग्रहाची चित्रं आणि रडार बघून त्याला जे दिसतं ते सांगतो. ही दोन वेगळी माणसं आहेत. आणि लोकांनाही तो फरक कळतो, असं मला ठामपणे वाटतं. ज्या मामाने आयुष्यभर ‘मुसळधार’ ऐकून कोरडे दिवस पाहिले, तो २ जूनच्या संध्याकाळी गोठ्यातल्या जनावरांची दावी सोडून, बायको-पोरांना घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन झोपलाच ना. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हाही गेला. तौक्ते आलं ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं, त्याच्या घराला काही झालं नाही. “मग?” असं मी विचारलं, तर म्हणाला, “मग काय, सकाळी परत आलो.”

हे एकट्या मामाचं नाही. जून २०१९ मध्ये वायू चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर धडकणार म्हणून सुमारे तीन लाख लोकांना हलवलं होतं. वादळ किनाऱ्याजवळ येऊन समुद्रातच वळलं. तीन लाख माणसं उगाच घराबाहेर काढली, असं म्हणायला पुरेपूर जागा होती. चार वर्षांनी, जून २०२३ मध्ये बिपरजॉय त्याच राज्यात कच्छमधल्या जखाऊजवळ धडकलं, तेव्हा लाखाच्या आसपास लोक पुन्हा हलले आणि एवढ्या मोठ्या वादळात जीवितहानी अगदी थोडी झाली. ओडिशाचा अनुभव तर याहून बोलका आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले. २०१३ च्या फायलिनच्या वेळी दहा लाखांच्या घरात लोक हलवले गेले, मृत्यू पन्नासच्या आत राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये जवाद आलं ते किनाऱ्याला पोहोचण्याआधीच विरून गेलं. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये दानाच्या वेळी लाखो लोक मुकाट्याने निवाऱ्यात गेले. फुकट गेलेल्या एका फेरीने विश्वास उडत असता, तर हे झालं नसतं.

मग विश्वास उडतो कशाने? मला याचं उत्तर कुठल्या अहवालात मिळालं नाही, बंदरावर मिळालं.

ऑक्टोबर महिना होता. मासेमारीचा ऐन हंगाम. जून-जुलैची बंदी संपून दोन महिने झालेले, समुद्र जरा स्थिरावलेला, मासळीला भाव. समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं म्हणून बंदरावर इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला होता आणि सगळ्या बोटी धक्क्याला. मामाच्या ओळखीचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आपल्या बोटीच्या खणाकडे बघत उभा होता. बावटा लागायच्या आदल्या रात्री निघायची तयारी करून त्याने डिझेल भरलं होतं, आठ दिवसांचं रेशन भरलं होतं, खण बर्फाने भरला होता. दोन दिवसांत बर्फाचं पाणी होऊन ते खणातून उपसायची वेळ आली होती. खलाशी वाट बघत बसलेले, त्यांचं जेवणखाण चालूच. आभाळात एक ढग नव्हता. मी शहरी माणसाच्या भाबडेपणाने म्हटलं, “पण जीव वाचला ना.” तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “जीव वाचला ताई, खरंय. पण बर्फाचे पैसे मीच दिले.”

त्या एका वाक्याने माझ्या डोक्यातला गुंता सुटला. इशारा खरा ठरो की न ठरो, तो पाळण्याचा खर्च पाळणाऱ्याच्या खिशातून जातो. बोट थांबली की तांडेलाचा, शाळेला सुट्टी म्हणून पोरांजवळ घरी थांबली की धुणीभांडी करणाऱ्या बाईचा, फेरी रद्द झाली की रिक्षावाल्याचा. ज्याचा महिन्याचा पगार ठरलेला आहे त्याला रेड अलर्ट म्हणजे घरून काम किंवा भजी. ज्याचं पोट रोजावर आहे त्याला रेड अलर्ट म्हणजे एका दिवसाची मजुरी. आणि ‘लोक इशारे गांभीर्याने घेत नाहीत’ हे वाक्य नेमकं पहिल्या गटातला माणूस दुसऱ्या गटातल्या माणसाबद्दल बोलतो.

आपली मदतीची सगळी व्यवस्था नुकसानीभोवती उभी आहे. घर पडलं, पीक झोपलं, जनावर दगावलं की तलाठी येतो, पंचनामा होतो, पुढे कधीतरी चेक निघतो. पण ज्याने सांगितलं तसं केलं आणि ज्याचं काहीच पडलं नाही, त्याचा पंचनामा कोण करणार? त्याच्याकडे दाखवायला असतं फक्त खणातलं पाणी. २०१९ च्या शेवटाला क्यार आणि महा ही दोन वादळं पाठोपाठ आली. दोन्हींनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थेट धडक दिली नाही, पण हंगामातले दिवस खाऊन टाकले. मच्छीमारांनी आवाज उठवला आणि पुढे राज्य सरकारने त्यांच्यासाठी मदतीचं पॅकेज मंजूर केलं. ते चांगलंच झालं. पण ते मागून, भांडून, एकदाच मिळालं. बावटा लागला त्या दिवशीच कोळ्याला माहीत असायला हवं की आज थांबलो तर आजचा निदान डिझेल-बर्फाचा खर्च निघेल. बोट कधी गेली आणि कधी परत आली याची नोंद बंदरावर होतेच. म्हणजे कोण थांबलं हे सरकारला शोधायला जावं लागणार नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो हलका नाही. इशाऱ्याला पैसे जोडले की अधिकारी इशारा द्यायला कचरतील, उगाच खर्च नको म्हणून बावटा उशिरा चढवतील. ही भीती खरी आहे. म्हणूनच इशारा देणारा आणि पैसे देणारा हे दोघे वेगळे हवेत. आजही हवामान खातं केंद्राचं आहे आणि मदत राज्य देतं, तेव्हा ही फारकत नव्याने करायची गरज नाही. आणि खर्चाचीच काळजी असेल तर १७ मे २०२१ आठवावा. तौक्तेचे इशारे कितीतरी दिवस आधीपासून होते. कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाची बार्ज मात्र २६१ माणसांसह समुद्रातच राहिली, नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. सत्तरच्या वर माणसं गेली. त्या दिवशी इशारा धुडकावणारे हातावर पोट असलेले कोळी नव्हते. आत राहायचा निर्णय ज्यांनी घेतला आणि ज्यांनी जीव दिला, ती माणसंही एक नव्हती.

पैशाइतकाच दुसरा प्रश्न आहे तो इशारा कोणासाठी लिहिला जातो याचा. दर मे महिन्यात महाड-पोलादपूरच्या दरडीखालच्या वाड्यांना नोटिसा जातात, तशाच घाटकोपर-भांडुपच्या टेकड्यांवरच्या झोपड्यांना. आपले घर धोकादायक ठिकाणी आहे, पावसाळ्यात सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही, असा एकूण मजकूर. यातलं शेवटचं कलम वाचलं की कळतं, कागद कुणाला वाचवण्यासाठी आहे. सुरक्षित स्थळ कुठलं, तिथे किती दिवस राहायचं, चूल कुठे पेटवायची, शेळ्या कुठे बांधायच्या, यातलं काही त्यावर नसतं. मग ती नोटीस कुडाच्या भिंतीत खोचून ठेवली जाते आणि पावसाळा निघतो. बहुतेक वर्षी काही होत नाही. एखाद्या वर्षी होतं.

आणि कधी नोटीससुद्धा येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. सत्तावीस मृतदेह मिळाले, पन्नासहून अधिक माणसं मातीखालीच राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. रायगड जिल्ह्यासाठी त्या दिवसांत जोरदार पावसाचे इशारे होते. पण अख्ख्या जिल्ह्याला लावलेला एक रंग गडाच्या कुशीतल्या ठाकर आदिवासींच्या वाडीला काय सांगणार? समुद्रसपाटीवरचं अलिबाग, पनवेलचे टॉवर आणि ती वाडी, तिघांना एकच लाल. घाटमाथ्यासाठी हवामान खातं आता पुणे, सातारा, कोल्हापूर यांचे वेगळे इशारे देतं. ही दिशा बरोबर आहे, पण घाटाच्या पायथ्याला असलेल्या माणसाला अजून बारीक उत्तर लागतं. आज माझ्या डोंगराचं काय?

असं बारीक उत्तर देता येतं, आणि ते दिलं की लोक कसे वागतात, हे बघायचं तर कोल्हापुरात जावं. पावसाळ्यात तिथे कुणी ‘ऑरेंज की रेड’ विचारत नाही. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा प्रश्न एकच, “राजाराम बंधाऱ्याला पाणी किती?” हा पंचगंगा नदीवरचा बंधारा. उत्तर फूट-इंचात येतं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. शाळेत न गेलेल्या आजीलाही हे दोन आकडे पाठ असतात, आणि ४१ वर पाणी आलं की आपल्या गल्लीच्या कुठल्या पायरीला लागतं, हेही. प्रयाग चिखली, आंबेवाडीची माणसं पाणी चढायला लागलं की जनावरं आधी काढतात. इथे इशारा वरून येत नाही, तो नदीतून येतो आणि प्रत्येकाला स्वतः वाचता येतो. तासाला किती इंच चढलं ते बघून माणूस आपला निर्णय आपण घेतो.

अर्थात फूटपट्टीही दगा देते. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीतल्या कितीतरी लोकांनी भिंतीवरची २००५ ची खूण बघून घर सोडायला उशीर केला. आजवर पाणी याच्या वर आलं नाही, मग आता कशाला येईल. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, दोन वर्षांनी ५६ च्याही वर. जपानमध्ये हेच याहून भयानक रीतीने घडलं. फेब्रुवारी २०१० मध्ये चिलीच्या भूकंपानंतर तिथे तीन मीटरच्या त्सुनामीचा इशारा दिला गेला, प्रत्यक्षात लाट त्याच्या निम्म्याहून लहान आली. हवामान संस्थेने अंदाज जास्त लावल्याबद्दल जाहीर माफी मागितली. वर्षभराने, ११ मार्च २०११ ला, इवाते किनाऱ्यासाठी पहिला इशारा पुन्हा तीन मीटरचाच निघाला. तीन मीटर म्हटल्यावर आपल्या भिंतीमागे आपण सुरक्षित, असं ज्यांना वाटलं त्यातले अनेक परत दिसले नाहीत. लाट कितीतरी पट उंच होती. या धड्यानंतर, २०१३ पासून, जपानने पद्धत बदलली. भूकंप फार मोठा असेल आणि उंचीचा भरवसा नसेल तर सुरुवातीला आकडा द्यायचाच नाही, ‘प्रचंड’ एवढंच सांगायचं. मला यात त्यांचा मोठेपणा वाटतो तो असा की, चुकीचा दोष त्यांनी लोकांच्या बेफिकिरीवर ढकलला नाही. इशारा कसा लिहावा हे त्यांनी स्वतः नव्याने शिकून घेतलं.

आपल्याकडे इशारा चुकला की काय होतं? काहीच होत नाही. आणि माझी खरी तक्रार ही आहे. मोबाइलवर संदेश येतात, पुढच्या तीन तासांत वीज, वारा, मध्यम पाऊस, सतर्क राहा. दिवसात दोन, कधी तीन. आता तर मोठ्या आवाजात किंचाळणारा इशाराही फोनवर पाठवता येतो. सगळे संदेश ‘येणार’चे. ‘आलं नाही, आणि ते यामुळे आलं नाही’ असा एकही संदेश मला आजवर आलेला नाही. शाळांना सुट्टी जाहीर होते, ऊन पडतं, दुसऱ्या दिवशी शाळा भरते, मधल्या दिवसाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. डॉक्टर तपासणी लिहून देतो, रिपोर्ट साफ येतो, तेव्हा तो निदान म्हणतो की आपल्याला ही शंका होती, ती नाही निघाली, बरं झालं. मग तपासणीचे पैसे गेले तरी मन खट्टू होत नाही. लोकांच्या मनात अविश्वास साचतो तो या गप्प बसण्यातून. मोकळ्या जागेत मग विनोद येऊन बसतात.

हा हिशेब द्यायला नवं काही उभारावं लागणार नाही. राज्यात दोन हजारांच्या वर महसूल मंडळं आहेत, आणि मंडळामंडळात पाऊस मोजला जातो. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरायची आणि पीक-नुकसानीचा विचार करायचा, हे सगळं त्याच आकड्यांवर चालतं. म्हणजे आकडा तहसील कचेरीत रोज येतोच. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, बंदरावरच्या बावट्याखाली आणि ज्या फोनवर काल इशारा आला त्याच फोनवर जायला हवा.

गेल्या पावसाळ्यात मामाकडे गेले तेव्हा ग्रामपंचायतीचा फळा बघितला. त्यावर महिन्यापूर्वीच्या ग्रामसभेची सूचना होती, पावसाने अर्धी पुसलेली. मामाच्या वाडीत नव्या पोफळी आता डोक्याच्या वर गेल्यात, सुपारी धरायला अजून वेळ आहे. मी त्याला विचारलं, “त्या फळ्यावर काय लिहिलेलं तुला वाचायला आवडेल?” त्याला प्रश्न आधी कळला नाही. मग कोयती खाली ठेवून त्याने नीट विचार केला आणि सांगितलं, तसं मी वहीत उतरवून घेतलं:

‘काल लाल इशारा होता. २०० मिलिमीटरच्या वर पाऊस सांगितला होता. आपल्याकडे ३८ झाला. पावसाचा पट्टा वर सरकला, वरच्या गावांत पडला. जे शाळेत झोपायला आले त्यांची नावं लिहून घेतली आहेत, त्यांना रोज मिळेल. पुन्हा इशारा आला तर पुन्हा यावं. जनावरांसाठी मागची पडवी मोकळी ठेवली आहे.’